बाजारातले हजार डोळे

मे १९९७ मध्ये जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग या गावी लिनक्सच्या जाणकारांची एक परिषद भरली होती. तीत एरिक रेमंड या अमेरिकन आज्ञावलीकाराने 'द कॅथीड्रल अँड द बझार' नावाचा निबंध वाचला. दोन वर्षांनी तो आणखी काही निबंधांसह त्याच नावाच्या पुस्तकात आला. संगणकावरचे लेखन फार लवकर शिळे होते. या निबंधाचे तसे झाले नाही. आजही एखादा कारखाना किंवा पतपेढी आपल्या कामासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे या विचारात पडली, की सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात. आणि 'उघड्या' सॉफ्टवेअरच्या बाजूने जो युक्तिवाद होतो त्याचे मूळ बहुधा या निबंधात सापडते. म्हणून तो पुन्हा वाचून, मधल्या काळात जे घडले त्याच्याशी ताडून पाहायला हवा. माझे मत आधीच सांगून टाकतो: निबंध वाचनीय आहे, त्यातले निरीक्षण अस्सल आहे, पण त्याचा मुख्य निष्कर्ष शास्त्रीय कसोटीला उतरत नाही.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा घोळ मिटवू. आज्ञावली लिहिणारा ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. ही मूळ आज्ञावली. तिचे पुढे यंत्राला कळणाऱ्या अंकांच्या मालिकेत रूपांतर होते आणि आपल्या संगणकावर चालते ती ही मालिका. पहिलीवरून दुसरी करणे यंत्राचा हातचा मळ आहे; दुसरीवरून पहिली ओळखणे मात्र अतिशय किचकट. 'बंद' सॉफ्टवेअरमध्ये कंपनी आपल्याला फक्त दुसरी देते. 'मुक्त स्रोत' सॉफ्टवेअरमध्ये मूळ आज्ञावलीही मिळते आणि ती वाचण्याची, बदलण्याची व पुढे वाटण्याची परवानगीही मिळते. येथे किमतीचा संबंध नाही. फुकट मिळणारी कितीतरी सॉफ्टवेअरे बंद असतात आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअरसाठी मोठ्या कंपन्या दरवर्षी पैसे मोजतात. शिक्षकांना हा फरक एका उदाहरणाने पुरेल. बंद सॉफ्टवेअर म्हणजे पायऱ्या न दाखवता गणिताचे फक्त उत्तर लिहिणारा विद्यार्थी. उत्तर बरोबर असेलही. पण चुकले, तर कुठे चुकले ते त्याच्या वहीवरून कळणार नाही.

आता निबंधाकडे वळू. रेमंड यांना पडलेला प्रश्न खरोखरच चांगला होता. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली आपल्या प्रसिद्ध पुस्तकात दाखवून दिले होते, की रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे घातली की ते काम अधिकच रेंगाळते. कारण साधे आहे. दहा माणसांत बोलणाऱ्यांच्या जोड्या ४५ होतात, शंभर माणसांत ४९५०. सगळा वेळ एकमेकांना सांगण्यासवरण्यातच जातो. मग हेलसिंकीच्या लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्सचे काम, ज्यात जगभरचे अनोळखी लोक फावल्या वेळात भर घालत होते, ते कोसळले कसे नाही?

रेमंड यांचे उत्तर असे. लिहिण्याचे काम वाटून देता येत नसेल, पण चुका शोधण्याचे येते. चूक शोधणाऱ्या शंभर जणांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. प्रत्येकाने फक्त मध्यवर्ती माणसाला कळवले की झाले. तुम्हाला डोंगराएवढी वाटणारी चूक शंभरांतल्या एखाद्याला सहज दिसते. म्हणून पुरेसे लोक पाहत असतील तर कोणतीच चूक खोलवर दडून राहत नाही, असा 'नियम' त्यांनी मांडला आणि त्याला टॉर्वाल्ड्स यांचे नाव दिले. ही रीत त्यांनी स्वतःच्या एका छोट्या आज्ञावलीवर वापरूनही पाहिली. सर्व्हरवर आलेली टपाले आपल्या संगणकावर आणून देणारी 'फेचमेल' ती हीच. निबंधातला मला सर्वांत आवडणारा भाग या प्रयोगाच्या हकिगतीचा आहे. आपण काय केले, वाचणाऱ्यांनी काय सुचवले, आपली कोणती कल्पना टाकून दिली, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो निबंध न वाचता त्याचा दाखला देणाऱ्यांनी पसरवला आहे. शीर्षकातले कॅथीड्रल, म्हणजे मोजक्या कारागिरांनी एकांतात उभारलेले भव्य प्रार्थनामंदिर, हे बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांपुरते नाही. रेमंड यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने होते ते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातले काम. त्याची मूळ आज्ञावली तर सर्वांना खुली होती! ती घडत होती मात्र थोड्या लोकांच्या हातून आणि नवी आवृत्ती फार दिवसांनी बाहेर पडे. म्हणजे मूळ तुलना काम करण्याच्या दोन रीतींची होती, उघड्या-बंदची नव्हती. पण जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली खुली करण्याचे जाहीर केले आणि त्या निर्णयामागे या निबंधाचा वाटा असल्याचे सांगितले. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियात 'मुक्त स्रोत' हा शब्दप्रयोग सुचवला गेला, आणि त्याचा प्रसार करणाऱ्या संस्थेच्या स्थापनेत स्वतः रेमंड होते. एका निरीक्षणाची जाहिरात झाली ती अशी.

आता मुख्य आक्षेप. तो 'पुरेसे' या शब्दाला आहे. पुरेसे म्हणजे किती? चूक सापडली तर म्हणायचे, पाहा, डोळे पुरेसे होते. दहा वर्षे सापडली नाही तर म्हणायचे, डोळे पुरेसे नव्हते. कोणतीही घटना घडली तरी नियम खोटा ठरत नाही. जे विधान कशानेच खोटे ठरू शकत नाही त्याला विज्ञानात नियम म्हणत नाहीत, हे अकरावीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. 'पुरेसा पाऊस पडला की पीक चांगले येते' या विधानाइतकेच ते निर्धोक आहे. आणि बाजाराची उपमाही रेमंड यांनी अर्धीच वापरली आहे. आपल्याकडच्या आठवडी बाजारात गर्दी काही कमी नसते. तरी तागडीतले वजन खरे की खोटे हे गर्दीच्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी वजनमापे तपासणारा निरीक्षक नेमावा लागतो, आणि त्याला पगार द्यावा लागतो.

या आक्षेपाला २०१४ साली भक्कम पुरावा मिळाला. संगणकांमधले संभाषण सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारी 'ओपनएसएसएल' ही मुक्त स्रोत आज्ञावली त्या वेळी जगातल्या असंख्य सर्व्हरांवर चालत होती. मार्च २०१२ मध्ये निघालेल्या तिच्या आवृत्तीत एक दोष शिरला होता. तो नीट समजून घेण्यासारखा आहे. जोडणी जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला छोटा मजकूर पाठवतो आणि सोबत त्याची लांबी कळवतो. दुसऱ्याने तोच मजकूर परत पाठवायचा. आज्ञावलीने कळवलेली लांबी खरी आहे की नाही, हे तपासलेच नव्हते. समजा, कचेरीतल्या कारकुनाला तुम्ही एका ओळीची चिठ्ठी देऊन म्हणालात, "ही शंभर पाने आहेत, नक्कल द्या." भोळा कारकून तुमची चिठ्ठी उतरवतो आणि शंभर पाने भरेपर्यंत तिच्याखाली टेबलावर पडलेले इतरांचे कागदही उतरवून देतो. येथे नेमके असेच घडत होते. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत स्मृतीतला परका मजकूर बाहेर जाऊ शकत होता. त्यात कोणाचा परवलीचा शब्द, कोणाची गुप्त किल्ली. 'हार्टब्लीड' नावाने हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. मूळ आज्ञावली सर्वांसमोर होती. दोष काही ओळींचा होता. दोन वर्षे तो कोणाला दिसला नाही.

का दिसला नाही? कारण पाहण्याचा हक्क सर्वांना होता, पण पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. दोष उघडकीस आल्यावर कळले, की या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या त्या वर्षाला साधारण दोन हजार डॉलर आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. त्याच्यावर विसंबून अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी हे सॉफ्टवेअर फुकट उचलले होते आणि दुसरे कोणीतरी ते वाचत असेल असे गृहीत धरले होते. हजार डोळे होते, पण प्रत्येकाला वाटत होते की बाकीचे ९९९ उघडे आहेत.

मला येथे फेब्रुवारी १९७६ मधले बिल गेट्स यांचे हौशी संगणकप्रेमींना लिहिलेले अनावृत पत्र आठवते. आपली बेसिक भाषेची आज्ञावली लोक पैसे न देता उतरवून घेतात, याचा संताप त्यात आहे. पत्राचा सूर बराच उद्धट आहे. पण एवढे कसबाचे काम फुकट कोण करील, हा त्यातला प्रश्न खोटा नव्हता, आणि रेमंड यांच्या पहिल्या निबंधात त्याला पटेल असे उत्तर नाही. चांगली आज्ञावली लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या गरजेतून जन्मते, असे ते म्हणतात. फेचमेलच्या बाबतीत ते खरे आहे. पण १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि त्याचे नियम व तक्ते पुढे वारंवार बदलत राहिले. ते बदल हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळेवर उतरवणे ही कोणत्या हौशी आज्ञावलीकाराची स्वतःची गरज असेल? असली कंटाळवाणी कामे पगारी माणसेच करतात. म्हणून तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराने हिशेबाचे बंद पॅकेज विकत घेतले आणि त्याच्या कर सल्लागाराला तेच येत असले, तर त्याला मागासलेला म्हणण्याचे कारण नाही.

पुस्तकातल्या नंतरच्या एका निबंधात रेमंड या प्रश्नाकडे वळतात, आणि तेथे त्यांची पकड अधिक घट्ट आहे. सॉफ्टवेअरचे विक्रीमूल्य निराळे आणि वापरमूल्य निराळे, असे ते म्हणतात. बहुतेक सॉफ्टवेअर विकण्यासाठी नव्हे, तर कोणाच्या तरी स्वतःच्या कामासाठी लिहिले जाते; तेव्हा खरा धंदा वस्तूचा नसून सेवेचा आहे. हे भाकीत खरे ठरले. लिनक्सची देखभाल विकणारी रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून एकजात लिनक्सवर चालतात. पण हे यश आणले ते बहुतांशी पगारी अभियंत्यांनी. बाजार शिल्लक राहिला, त्यात गाळे मात्र मोठ्या कंपन्यांचे झाले.

हक्क आणि काम यांतला हा फरक २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा दिसला, या वेळी दोन्ही बाजूंनी. 'एक्सझेड' ही फाइली आवळून लहान करणारी एक साधी मुक्त स्रोत आज्ञावली आहे. तिची देखभाल वर्षानुवर्षे एकच माणूस बिनपगारी करीत होता आणि थकला होता. खरी ओळख आजवर न कळलेल्या कोणीतरी टोपणनावाने त्याला मदत करायला सुरुवात केली, दोनेक वर्षांत विश्वास मिळवला, आवृत्ती काढण्याचा अधिकार मिळवला आणि मग दोन आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. सगळे उघड्यावर असताना त्याने तो लपवला कसा? चाचणीसाठी ठेवलेल्या, माणसाला न वाचता येणाऱ्या फाइलींमध्ये एक भाग, आणि उतरवून घेण्याच्या गठ्ठ्यातच घातलेल्या जोडणीच्या सूचनांमध्ये दुसरा. उघड्या वहीतदेखील दोन पाने चिकटवलेली असू शकतात.

तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. ते नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये आणि काम करीत होते पोस्टग्रेस या मुक्त स्रोत माहितीसाठ्यावर. वेगाची मोजमापे घेताना त्यांच्या लक्षात आले, की दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही तो सोडून दिला असता. त्यांनी माग काढला, मूळ आज्ञावलीपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. तोवर त्या आवृत्त्या लिनक्सच्या प्रमुख स्थिर वितरणांत पोहोचल्या नव्हत्या. ही हजार डोळ्यांची गोष्ट नाही, दोनच डोळ्यांची आहे. परंतु आज्ञावली बंद असती, तर या दोन डोळ्यांना कंपनीकडे तक्रार नोंदवून उत्तराची वाट पाहण्याखेरीज फारसे काही करता आले नसते.

मग बंद सॉफ्टवेअरमध्ये पाहण्याचे काम तरी नीट होते का? कंपनी पगार देते, तेव्हा कोणीतरी पाहत असणारच, असा त्या तटाचा दावा असतो. त्याला ब्रिटनच्या टपाल खात्याने उत्तर देऊन ठेवले आहे, आणि ते उत्तर छोट्या व्यावसायिकांच्या संदर्भातलेच आहे. तिकडे गावोगावची टपालकेंद्रे बहुधा दुकानदार कराराने चालवतात. १९९९ पासून त्यांच्याकडे 'होरायझन' ही फुजित्सू कंपनीची संगणकप्रणाली बसवण्यात आली. हिशेबात तूट दिसू लागली. यंत्र म्हणते तूट आहे, दुकानदार म्हणतो मी पैसे घेतले नाहीत. खात्याने यंत्राचे ऐकले. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांवरून ९०० हून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरे-दुकाने गेली.

दोष कसले होते याचा एकच नमुना पाहा. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे आलेल्या ८,००० पौंडांची नोंद करताना पडदा गोठला. काम पाहणाऱ्या व्यक्तीने कळ पुन्हा पुन्हा दाबली. यंत्राने तीच रक्कम एकूण चार वेळा नोंदवली आणि २४,००० पौंडांची तूट दाखवली. न आलेल्या पैशांची तूट! येथे आकडा मोठा आणि चमत्कारिक होता, म्हणून लक्षात आला. पंचवीस, पन्नास, शंभर पौंडांनी हिशेब चुकत गेला असता तर?

दुकानदाराला पायऱ्या पाहण्याची सोय नव्हती. केंद्राचा हिशेब बाहेरून कोणाला बदलता येत नाही, असे खाते अनेक वर्षे सांगत राहिले; कंपनीला तो बदलता येत होता. शिवाय संगणक नीट चालत होता हे आधी सिद्ध करण्याची अट इंग्लंडच्या पुराव्याच्या कायद्यातून १९९९ मध्ये काढून टाकण्यात आली होती. त्यामुळे यंत्र बरोबर आहे असे गृहीत धरले जाई आणि ते चुकल्याचे दाखवण्याचा भार, ज्याला आत पाहताच येत नाही अशा माणसावर येई. उत्तर वेल्समधले एक टपालकेंद्र चालवणारे ॲलन बेट्स यांनी ही तूट मान्य करायला नकार दिला. २००३ मध्ये त्यांचा करार संपवण्यात आला. ते आणि त्यांचे साथीदार लढत राहिले. डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष मान्य केले आणि खात्याच्या हटवादीपणाची तुलना पृथ्वी सपाट आहे असे धरून बसण्याशी केली. शेवटी २०२४ मध्ये खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

होरायझनची मूळ आज्ञावली खुली असती तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. दुकानदार काही आज्ञावली वाचणारा नव्हे. शिवाय ज्ञात दोषांची यादी कंपनीकडे होतीच. दडपणूक माणसांनी केली. पण आरोपीच्या बाजूने एखाद्या तज्ज्ञाला वही उघडून पाहण्याचा हक्क असता, तर ती इतकी वर्षे टिकणे अवघड होते. रेमंड यांच्या निबंधात नेमका हाच मुद्दा नाही. ते मोकळेपणाचे समर्थन करतात ते त्याने चांगले सॉफ्टवेअर तयार होते म्हणून. चांगले होईलच, याची खात्री नसते हे हार्टब्लीडने दाखवले. मोकळेपणाचे खरे समर्थन निराळे आहे: यंत्र आणि माणूस यांचे हिशेब जुळले नाहीत, तर यंत्रालाही पायऱ्या दाखवायला लावता येतात. स्टॉलमन यांनी हा मुद्दा हक्काच्या भाषेत कितीतरी आधी मांडला होता. धंदेवाईकांना ती भाषा जड जाईल म्हणून १९९८ मध्ये ती बाजूला ठेवण्यात आली. त्यात नुकसान झाले असे मला वाटते.

म्हणून व्यवसायासाठी सॉफ्टवेअर निवडणाऱ्याने उघडे की बंद एवढेच विचारून थांबू नये. उघडे असेल तर ते वाचते कोण, आणि त्याला पैसे कोण देते? बंद असेल तर वाद झाल्यावर आतले पाहण्याची सोय करारात आहे का? आणि दोन्ही बाबतींत: उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचे झाले तर माझी माहिती मला वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येईल का?

या शेवटच्या प्रश्नासाठी ब्रिटनपर्यंत जायला नको. १९९० च्या दशकात मराठी छापखान्यांनी, शाळांनी, नियतकालिकांनी जे मजकूर संगणकावर जुळवले, ते बहुतेक ज्याच्या त्याच्या फाँटच्या खासगी संकेतात. एका पॅकेजमध्ये ज्या क्रमांकावर 'क' असे, त्यावर दुसऱ्यात भलतेच अक्षर. युनिकोडमध्ये देवनागरीची जागा १९९१ पासून ठरलेली होती, पण आपल्या छापखान्यांत ती पोहोचायला बराच काळ गेला. आमच्या शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांच्या फाइली माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. मजकूर आमचा, लिहिणारी मुले आमची. आज त्या उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. ज्या पॅकेजवर त्या केल्या, ते चालवायला प्रिंटरच्या पोर्टात एक छोटे कुलूप बसवावे लागे. कुलूप कपाटात आहे. ते बसवायचे पोर्टच आताच्या संगणकाला नसते.